पर्ब्रूकचा अर्थ

आमच्या घरात 'भूत' हा शब्द फक्त चिडवायला वापरतात. आम्ही बौद्ध, उतारे-अंगारे आजोबांनीच बंद केलेले. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

मी डोंबिवलीत राहते, बिल्डरांच्या ब्रोशरचा मजकूर लिहिते. टिटवाळा आणि खडवलीच्या मधल्या एका स्कीमला 'इंग्लिश व्हिलेज' फील हवा होता, म्हणून बिल्डिंगना तिकडच्या खेड्यांची नावं. मी मॅपवर इंग्लंड उघडलं आणि कानाला गोड वाटली ती उचलली. ओढ्याकाठच्या बिल्डिंगला 'पर्ब्रूक'. ब्रूक म्हणजे ओढा, एवढंच मला ठाऊक. 'पर्' म्हणजे काय ते बघितलंही नाही.

बोर्ड लागल्यावर फोटो काढायला गेलो. फोटो माझा नवरा संदीप काढतो. भर दुपार, ऐन उन्हाळा, ओढ्यात जेमतेम घोट्यापर्यंत पाणी. मी वर पुलाजवळ, गाडीपाशी फोनवर होते. संदीप खाली उतरला. वाटलं, अँगल शोधतोय. तर त्याने कॅमेरा दगडावर ठेवला आणि सरळ पाण्यात चालायला लागला... गुडघे, कंबर, छाती.

"संदीप! अरे काय करतोयस?"

त्याने वळूनही बघितलं नाही. समोर बघत म्हणाला, "आलो गं, आलो."

मी धावले. बाजूच्या बंगल्यातून बामाकाकी आल्या — जमीन मूळची त्यांचीच. दोघींनी त्याला शर्टाला धरून ओढलं. मी त्याच्या अगदी शेजारी उभी होते, आणि माझ्या पायाशी पाणी घोट्याच्या वर नव्हतं.

ओला शर्ट पिळत तो काठावर बसला. "तूच तर बोलावलंस ना? त्या पुलाखालून?"

"मी वर होते रे..."

बामाकाकी हळूच म्हणाल्या, "बाय, ह्यो गिऱ्याचा ओहोल हाय. पान्यातलं भूत त्ये, आपल्या मानसाच्या आवाजात हाक मारतं आन् बुडवतं. आमी पोरांना कवा उतरू नाय दिलं. तुमी काय नाव ठेवलाव त्याचा?"

"पर्ब्रूक," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या नावाचा अर्थ शोधला. जुन्या इंग्रजीत 'पूका' म्हणजे भूत, 'ब्रोक' म्हणजे ओढा; त्याचंच पुढे पर्ब्रूक झालं. भुताचा ओढा. हजारो मैलांवरच्या कुठल्यातरी खेडुतांनी आपल्या ओढ्याला दिलेलं नाव मी उचललं, आणि ते नेमकं इथे आणून लावलं.

बिल्डरला फोन केला. तो हसला. "मॅडम, छान आहे की नाव! बुकिंग पण झालंय." आता तिथे लोक राहतात. पोरं संध्याकाळी ओढ्याकडे खेळतात म्हणे.

योगायोग म्हणा, ऊन लागलं म्हणा. मी स्वतःला दोन्ही सांगून पाहिलंय. छातीपर्यंत चिंब झालेला तो शर्ट कशातच बसत नाही. आणि संदीप... आतल्या खोलीतून मी हाक मारली तर तो ओ देत नाही. दारापर्यंत येतो, माझा चेहरा नीट बघतो, आणि मगच विचारतो, "काय गं?"