आत्माराम नानांची शेवटची नाव

शाळेत पहिल्यांदा आले तेव्हा आत्माराम नानांनी मला 'जयभीम गुरुजी' म्हणायच्याही आधी माझ्या टेबलावर बोटाच्या हाडानं ठकठक केलं आणि कान टेकवून ऐकलं. "हाई मरेल शे," म्हणाले. म्हणजे हे लाकूड मेलेलं आहे. मग पोरांचे बाकही वाजवून बघितले. आले होते नातीचं नाव शाळेत घालायला, आणि साऱ्या वर्गातल्या लाकडांची नाडी बघून गेले! लाकूड दिसलं की वाजवायचं, ही त्यांची खोडच. एसटीची चौकट, लग्नातला चौरंग, एकदा तर तहसीलदारांच्या खुर्चीची पाठ, तीही साहेब बसलेले असताना.

शिंदखेडा तालुक्यातलं तापीकाठचं आमचं गाव. नाना तिथले नावा बांधणारे. कागद नाही, पट्टी नाही. कोपरापासून बोटापर्यंतचा हात हेच माप. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून वर राळ ओतायचे. तो कापूसही गावच्याच रानातला, नव्या वेचणीचा. "नाव पानीमा जगस, गुरुजी. काठवर मरस," असं म्हणायचे. पुढे नदीवर पूल झाला आणि महिन्याभरात माणसं पलीकडे नेणारी नाव काठावर आली. मीही सायकल पुलावरून नेऊ लागलो, खोटं कशाला बोलू? काठावर राहिली ती नानांनी बांधलेल्यांपैकी उरलेली शेवटची नाव. दोन्ही मुलं सुरतेला गिरणीत होती. लाकूड तासायचा वाकस हातात धरणारं कुणी उरलं नव्हतं.

मुंबईत जुन्या जहाजांचं संग्रहालय आहे आणि त्यांना देशी नावा हव्या आहेत, हे मी पेपरात वाचलं. मास्तरकीचा किडा वळवळला आणि पत्र टाकलं. उत्तर आलं, येऊन भेटा. नाना धोतराला नीळ घालून तयार! गाडीत एकच बोलणं, "मी मरी जासू, नाव तठे ऱ्हाई. तापीवर बी नावा चालेत, लोकेस्ले कयी तं." तापीवरही नावा चालायच्या हे लोकांना कळावं, तेवढंच मागणं होतं त्या माणसाचं.

संग्रहालयात नाना देवळात शिरावं तसे चपला काढून शिरले. लखलखीत शिडाची जहाजं, आरशासारखं पॉलिश, पितळेच्या चकचकीत पट्ट्या. एका जहाजाला त्यांनी ठकठक केलंच. पहारेकरी अंगावर धावून आला. मागच्या पडवीत कोकणातला एक म्हातारा सुतार लोकांना होडी बांधून दाखवत होता. नाना त्याच्याशेजारी बसले. याची अहिराणी त्याला कळेना, त्याचं बोलणं याला. पण नानांनी कापसाचा पीळ घालून दाखवला, तसा तो म्हातारा हसला आणि हातातली हातोडी त्यांच्यापुढे धरली. तासभर दोघं फटी बुजवत बसले होते. नानांना इतकं खुशीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, पुढच्या महिन्यात येऊन नाव बघतो. नाव जशी आहे तशीच राहू द्या वगैरे काही त्यानं सांगितलं नाही, आणि ते आम्हाला सांगावं लागेल असं त्याला वाटलंही नसेल. आम्ही डोळ्यांनी काय पाहिलं होतं? लखलखाट! परतल्यावर नानांनी वाकस परजला. चाळीस पावसाळ्यांची काळी राळ खरवडून काढली, जुना कापूस उपसला, फळ्या तासून गुळगुळीत केल्या. धुळ्याहून तेलरंगाचे डबे मी आणले, हिरवा आणि लाल. हो, मीच! पोळ्याला बैल सजवावा तशी अख्ख्या गावानं नाव सजवली. बायकांनी कुंकू लावलं, कुणी नाकाला झेंडूची माळ बांधली.

अधिकारी आला. नावेभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. मग हलकेच म्हणाला, "जुनी नाव कुठाय?"

"जुनीच शे सायेब," नाना म्हणाले. "फक्त आंघोय घाली."

त्यानं समजावून सांगितलं. वाकसाचे घाव, राळेचे थर, कापसाचा पीळ, तेच तर न्यायचं होतं. आता ही कुठलीही नाव झाली. नाना घाईघाईनं म्हणाले, "मी दुसरी बनाडी देसू, सायेब." तो म्हणाला, "नवी नाही घेता येत हो, आजोबा." चहा तसाच ठेवून बिचारा निघून गेला. गाव पांगलं. झेंडूची माळ मीच सोडली. म्हटलं, "नाना, घात मी केला. रंग मी आणला."

नाना नावेच्या कडेला बसले होते. "पाव्हना येनार व्हता ना, गुरुजी. म्हतारीले फाटेल लुगडामा कोन उभी करस?" एवढंच बोलले. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या पावसाळ्यात पूर आला. नाव वर ओढायला लोक दोर घेऊन धावले. नाना खाटेवरून उठले नाहीत. "जाऊ द्या," म्हणाले. गेली. दिवाळीनंतर नानाही गेले. मुलं सुरतेहून दुसऱ्या दिवशी पोचली.

काही वर्षांनी शाळेची सहल मुंबईला नेली. पोरांना त्या संग्रहालयात पाठवलं आणि मी फाटकाबाहेर पायरीवर बसून राहिलो. आत जायचं धाडस झालं नाही. पोरं बाहेर आली ती चिवचिवत. गुजरातच्या नावा पाहिल्या, कोकणातल्या पाहिल्या, केरळातल्या पाहिल्या. सातवीतली एक चुणचुणीत पोरगी वही मिटत म्हणाली, "सर, आपल्या तापीवर नावा नव्हत्याच ना कधी?"

होत्या गं, म्हटलं. तिनं विचारलं, "मग कशा होत्या?" मी तिला नानांसारखी हातानं लांबी दाखवायला गेलो आणि ती किती हात, ते मला सांगता येईना.