सिंगल की डबल

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या या माणसाला सगळे 'नंबर' म्हणत, कारण कोणी भेटलं की तो आधी समोरच्याच्या चष्म्याचा नंबर ओळखून दाखवी आणि मग खुशाली विचारी. माणूस हुशार, पण चालत्या गाडीला खीळ घालायची खोड जन्मजात. बायकोला हे लग्नानंतर लगेच कळलं होतं, जेव्हा त्याने उत्तम फिरणारा पंखा 'जरा साफ करतो' म्हणून उघडला आणि सगळा उन्हाळा वर्तमानपत्राने वारा घेण्यात गेला.

घरात त्याचे वडील होते, अण्णा. जन्मभर बस चालवली. आता मुलाचं नाव कधी आठवे, कधी नाही, पण दुपारी ड्युटीची वेळ झाली की पाय आपसूक दाराकडे वळत. एकदा असेच निघाले ते हमरस्त्याच्या मधोमध सापडले. दाराला कुलूप घातलं, तर त्यांनी त्यावर कपाळ आपटून घेतलं. समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी नंबरला एक गोष्ट सुचली आणि ती खरोखर नामी होती. ड्रायव्हर जगात कोणाचं ऐकत नसेल, पण कंडक्टरच्या घंटेचं ऐकतो. एक वाजली, म्हणजे सिंगल, की थांबायचं; दोन वाजल्या, म्हणजे डबल, की निघायचं.

त्याने दारावर कॅमेरा बसवला, जुन्या कॉम्प्युटरवर पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्क्रिप्ट लिहिली. माणूस दिसला की ती पडद्यावर त्याच्याभोवती चौकट आखायची आणि दर चौकटीमागे एक घंटा द्यायची. अण्णा एकटे दाराशी आले की टिंग. जागच्या जागी उभे. सोबत कोणी असलं की चौकटी दोन, टिंग टिंग, आणि स्वारी खुशाल फिरायला. वर्षभर हे बिनबोभाट चाललं. बायकोसुद्धा पिशवी घेऊन निघाली की घंटेला थबकायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

आणि या गृहस्थाने सुट्टीच्या दिवशी, हौसेने, पायथन नवीन करून घेतलं.

"कशाला पण?" बायको म्हणाली.

"जुनं झालं होतं."

"जुनी तर मीही झालेय."

स्क्रिप्ट बंद पडली. म्हणजे राखण आली बायकोकडे. ती स्टूल घेऊन दाराला पाठ लावून बसली, मांडीवर मटाराची परात घेऊन. आतून दर थोड्या वेळाने नंबरने कपाळावर हात मारल्याचा आवाज येत होता. आधी म्हणे लायब्ररी, म्हणजे स्क्रिप्टला लागणारा तयार कोड, सापडत नाही. ती नव्याने घातली, तर कुठलासा आकडा चालेना. नंबरने इंटरनेट पालथं घातलं, तिथे प्रत्येक शहाणा वेगळंच सांगत होता. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली.

"अहो, मला आंघोळ करायची आहे," बायको ओरडली. "मटार संपले, आता टरफलं सोलू का?"

"पाचच मिनिटं!"

"सकाळपासून पाचच चाललीयत!"

दुपार कलली तेव्हा दुखणं सापडलं. जुनी लायब्ररी प्रत्येक आकडा कंसात गुंडाळून द्यायची, नवी नुसताच देत होती. स्क्रिप्ट बिचारी सोललेलं केळं पुन्हा सोलत बसली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा! त्याने तो कंस उडवला. पुढे आणखी एक ओळ तशीच अडली. एकाच माणसाभोवती जास्तीच्या चौकटी पडल्या तर त्या गाळायचं काम तिच्याकडे होतं. नंबरचा आता अगदी संताप संताप झाला होता. 'तुला नंतर बघतो,' म्हणून त्याने ती ओळ बंदच करून टाकली.

"उभी राहा गं दाराशी!"

घंटा वाजली.

"वाजली, वाजली!" बायको म्हणाली आणि टॉवेल घेऊन पळाली. वाजली हेच दोघांना पुष्कळ होतं. किती वाजली हे मोजायचं त्राण कोणात उरलं होतं?

तो खुर्चीत रेलला. थोड्या वेळाने दाराशी पुन्हा टिंग टिंग झालं. त्याला फार बरं वाटलं. ही आंघोळ आटपून अण्णांना फिरवून आणतेय वाटतं, चांगलं झालं, असं म्हणून त्याने डोळे मिटले.

मग बायको ओले केस पुसत खोलीच्या दारात उभी राहिली. "अण्णा कुठे आहेत?"

नंबर अनवाणीच धावला. जिना उतरता उतरता त्याला कळलं. ती बंद केलेली ओळ. एकटे अण्णा, चौकटी दोन. आपण बापाला आपल्या हाताने डबल दिली.

अण्णा हमरस्त्याच्या जवळ पोचले होते. दोन्ही हात किंचित पुढे, नजर सरळ.

"अण्णा! अहो अण्णा!"

ड्रायव्हर हाकेला थांबत नाही. नंबरने खिशातली किल्ली काढली आणि दिव्याच्या लोखंडी खांबावर एकदाच, जीव खाऊन मारली. टण्ण!

अण्णा थांबले. फुटपाथच्या अगदी कडेला. समोरून एक ट्रक धडधडत गेला. नंबरचा दिवसभराचा सगळा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याला नुसतं रडू येत होतं.

अण्णा वळले. भयंकर वैतागले होते.

"काय कंडक्टर आहेस रे! आधी डबल देतोस, मग मधेच सिंगल. काय ते एक ठरव ना. मागे माणसं बसलीयत!"

"चुकलं," नंबर म्हणाला. "नवा आहे मी."

अण्णांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मुलगा म्हणून ओळखलं नाही, पण आवाज उतरला.

"नवा आहेस तर शीक. घंटा मोजून द्यावी बाबा."

नंबरने त्यांना हळूच घराच्या दिशेने वळवलं, त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि खांबावर मोजून दोनदा किल्ली वाजवली.