पट्टम्माळच्या पाण्याच्या चपला

टाचा दुखतात म्हणून पट्टम्माळने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. शेवटी आंबूरात चपला शिवणाऱ्या तिच्या धाकट्या भावाने, आरुमुगमने, तिच्यासाठी खास जोड केला. टाचेखाली पाण्याची पिशवी, बाजूला फिरकी. फिरवाल तशी गादी मऊ किंवा कडक.

भाचीच्या लग्नात चपला अर्थातच मंडपाबाहेर राहिल्या आणि वैशाखाच्या उन्हात पाणी तापलं. निघताना पाय घालताच पट्टम्माळ किंचाळली, "मेल्या, गादी मागितली होती, रसम नव्हे!"

आरुमुगमचा चेहरा पडला. "अक्का, उद्या आणून दे. न तापणारं अस्तर लावतो."

चार पावलं टाकून ती थबकली. टाचा मस्त शेकल्या होत्या, ठणका गायब!

आता ती चपला आधी उन्हात ठेवते, मग गावभर हिंडते. आरुमुगम अस्तर कापून बसलाय. "आणते रे," म्हणत ती त्याच्याच दुकानावरून पुढे जाते.