सगळ्यांना ऐकू जाईल असा

अहमदपूरहून नांदेडला निघालेली आमची एसटी ओढ्याच्या पुरामुळे थांबली होती. तेवढ्यात नांदेडजवळचं विष्णुपुरीचं धरण फुटलं, अशी बातमी कुणीतरी आणली. माझी मुलगी तिथंच कॉलेजच्या होस्टेलवर होती आणि फोनला रेंज नव्हती.

शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी पिशवीतून रेडिओ काढला. कानाला लावून स्टेशन धरलं, मग उठून तो ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर ठेवला आणि आवाज मोठा केला. धरण सुरक्षित होतं, फक्त दरवाजे उघडले होते. मी सीटवर मागे टेकून बसलो.

बाबा परत येऊन बसले. म्हणाले, "माझा बाप गावचा सरकारी रेडिओ सांभाळायचा. चावडीत समद्यांना येऊ देत नव्हते. मग त्यानं तो खिडकीत ठिवला, रस्त्याकडं तोंड करून. म्हणायचा, ह्यो समद्यांसाठी आलाय, चावडीसाठी न्हाई."

मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तिथं कोण हाय तुमचं?"

"मुलगी."

ते पुन्हा उठले आणि रेडिओ आणून माझ्या मांडीवर ठेवला. "नांदेडपर्यंत तुमच्याजवळच राहू द्या."

ओढ्याचं पाणी उतरलं आणि गाडी निघाली. बातम्या संपून शेतीचा कार्यक्रम लागला होता. केळीवरच्या करप्याला काय फवारावं, ते मी नांदेड येईपर्यंत मन लावून ऐकत होतो.