बेटावर अण्णांनी दाखवलेली जागा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी परंड्यात घरी गवार मोडत बसले होते. सकाळचे आठ वाजले असतील. "वन्सं, हे बोलंनात बघा," एवढंच त्या म्हणाल्या. सारा जन्म मी उपकेंद्रांवर नर्स म्हणून काढला. असल्या आवाजाचा अर्थ मला कुणी सांगावा लागत नाही. तरी बीपीचं मशीन पिशवीत टाकलं, रिक्षा केली, सोनारीच्या अलीकडं आमचं गाव आहे तिथं पोचले आणि ओट्यावर खुर्चीत बसलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या दंडाला पट्टा गुंडाळला. काटा वर चढला आणि कुठंही न थडकता खाली आला. मी पुन्हा हवा भरली. तिसऱ्यांदा भरायला लागले तेव्हा वहिनींनी माझा हात धरला... दीड महिना झाला त्याला. 'अण्णा गेले' हे दोन शब्द मला अजून सलग म्हणता येत नाहीत.

अण्णा शेतकरी होते, पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख पाणाड्या म्हणून. कुणाला विहीर काढायची असली, बोअर मारायचा असला की अण्णांना बोलावणं यायचं. ते चपला बांधावर काढून शेतात उतरायचे, तळहातावर नारळ आडवा ठेवायचे आणि हळूहळू चालत सुटायचे. जिथं नारळ आपोआप उभा राहील तिथं टाचेनं खूण करायची, झालं. बदल्यात तोच नारळ आणि कपभर चहा. मला हे सगळं थोतांड वाटायचं, आणि मी ते तोंडावर बोलायची. या नर्सबाईचं तोंड फाटकं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. पेशंट जगणार नसेल तर मी नातेवाइकांना तसं सांगून मोकळी व्हायची, मग अण्णांच्या नारळाची काय भीडभाड ठेवणार? ते कधी चिडले नाहीत. "बरं, तू दाव की मग एक जागा," म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

चार वर्षांपूर्वी आमच्याच भावकीत त्यांनी दाखवलेला बोअर कोरडा गेला. नुसता फुफाटा उडत राहिला, आणि गाडीभोवती जमलेल्यांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. अण्णा पांढरेफटक होऊन घरी आले, डोक्यावरनं पाणी घेतलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी नारळ हातावर धरला नाही. लोकही पाणी शोधणाऱ्या मशीनवाल्याला बोलवायला लागले. अण्णा दिवसदिवस ओट्यावर बसायचे, उजवा तळहात उघडा टाकून. एकदा वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वन्सं, ह्यांना कुठंतर लांब न्या. हितं ऱ्हाऊन हे खचायलेत." मलाही रिटायर झाल्यापासून समुद्र बघायचाच होता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही तिघं निघालो. कुर्डुवाडीहून रेल्वेनं चेन्नई, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर, आणि पुढं बोटीनं नील. अंदमानातलं एक इवलंसं बेट. रिक्षानं निघालं तर दुपारच्या आत सगळं पालथं घालून होतं. किनाऱ्यांची नावं ऐकूनच अण्णा खूश झाले. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. "आख्खं रामायण हितंच हाय की," म्हणाले. सीतापूरला पहाटे सूर्य समुद्रातून वर आला तेव्हा त्यांनी हात जोडले. भरतपूरला काचेच्या तळाची बोट असते, खाली प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. अण्णांनी चपला काढून काखेत धरल्या. का, तर पायाखाली जिवंत जीव दिसतायत, त्यांच्यावर चप्पल कशी ठेवायची. बोटवाला पोरगेलासा होता, तो हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला.

लक्ष्मणपूरला खडकाची एक भलीमोठी कमान आहे, ती बघायला ओहोटीलाच जावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा समुद्र पार आत सरकला होता. शेवाळलेले दगड आणि मधे मधे पाण्याची डबकी. सगळे पर्यटक फोटो काढत होते, आणि आमचे अण्णा धोतराचा सोगा धरून उभे, चेहरा उतरलेला. "शकू," ते हळूच म्हणाले, "ह्यो बी आटतो व्हय गं?" त्यांना खरोखर काळजी वाटली होती. साठ-पासष्ट उन्हाळे विहिरीचा तळ बघत काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मी ओहोटी-भरती समजावून सांगितली. पटलं नाही. मग ते वाळूत जे बसले ते संध्याकाळपर्यंत उठेनात. पाणी थोडं थोडं करत परत आलं, डबकी भरली, दगड बुडाले. "पाऊस न्हाय, वढा न्हाय, तरी भरलं बघ," असं दोनदा म्हणाले. रिक्षावाला कावला होता, मीही कावले होते, आणि आता वाटतं आणखी तासभर बसू दिलं असतं तर माझं काय बिघडलं असतं...

आम्ही उतरलो होतो ते घर बिमलदांचं. बंगाली माणूस, घरामागं भाजीपाला लावणारा. दुपारी जेवताना सहज म्हणाले की उन्हाळ्यात त्यांची विहीर खारट होते, वांगी जळतात, दुसरी विहीर खणायची आहे पण कुठं ते कळत नाही. आणि माझी जीभ घसरली. "हमारे अण्णा पानी बताते हैं," मी म्हणाले. चेष्टाच केली मी, खोटं कशाला बोलू. अण्णांचा घास हातातच राहिला. "त्ये सुटलं आता," म्हणून ते हात धुवायला उठले. वहिनी माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर अण्णा सुपारीच्या झाडांमधून अनवाणी चाललेले, आणि तळहातावर नारळ. बिमलदा चार पावलं मागं. मी व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राहिले. वांग्यांच्या वाफ्यापलीकडं नारळ उभा राहिला. मनगटाची करामत असेल, काहीही असेल, पण अण्णांचा चेहरा असा उजळला की मला गलबलून आलं. मग ते तिथंच थबकले आणि त्यांनी मला खुणेनं बोलावलं. "शकू, तू शिकलेली हायेस म्हून इचारतो. हितं चारी अंगानं खारं पानी. नारळाला गोड-खारं कळत आसंल का गं?" आयुष्यभर जिची टिंगल केली त्या विद्येवर त्यांनीच मला प्रश्न विचारला होता. "कळत असंल," मी म्हणाले. त्यांनी शंखशिंपल्यांचा ढीग करून जागेची खूण केली, आणि आम्ही परत आलो.

एप्रिलमध्ये मला राहवेना. संध्याकाळी मीच बिमलदांना फोन लावला. "पानी तो आया दीदी, बारह हाथ पर," ते म्हणाले, "लेकिन खारा है." पुढं काही बोलणार तोवर रेंज गेली. मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. मग अण्णांना लावला आणि म्हणाले, "अण्णा, पाणी लागलं. गोड आहे, अगदी नारळाच्या पाण्यासारखं." मग त्यांनी विचारलं, "किती हातावर?" मी म्हणाले, बारा. "चांगलं झालं बाई," म्हणाले.

त्यानंतर मी गावी गेले की अण्णा हमखास विचारायचे, "आपली हीर कशी हाय?" मी सांगायची, वांगी झकास आली, आता दोडका लावलाय, शेजारीही पाणी न्यायला येतात. ते मान डोलवायचे. मला धाकधूक होती की आता हे पुन्हा नारळ घेऊन निघतील, आणि माझ्या खोट्यापायी कुणाचा तरी बोअर कोरडा जाईल. पण कुणी बोलवायला आलं की ते मशीनवाल्याचा नंबर द्यायचे. मला वाटलं, माणूस समाधान पावला, आता त्याला काही सिद्ध करायचं उरलं नाही.

परवा मला ते खोटं सोसेना झालं. वहिनी सुपात ज्वारी निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगून टाकलं, की मी अण्णांना शेवटपर्यंत फसवलं. वहिनींनी वर बघितलं नाही.

"बिमलदांनी आदी ह्यांनाच फोन क्येला हुता, वन्सं. त्याच दिशी सकाळी. खारं लागलं म्हून तवाच कळलं हुतं." मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "संध्याकाळी तुमचा फोन आला. ठिवल्यावर मला म्हनले, शकू माझ्यापाई खोटं बोलली, जल्मात कदी बोलली न्हाय. मला म्हाईत हाय म्हून तिला कळू दिऊ नगंस, लई जड गेलं आसंल तिला."

मी तिथंच रडले, वहिनीही रडल्या. जवळजवळ वर्षभर अण्णा मला त्या विहिरीचं विचारत राहिले, आणि मी त्यांना सांभाळतेय असं मला वाटत होतं.