एक वाजेपर्यंत

पहिल्याच सकाळी बायकोने साबुदाण्याची खिचडी पुढ्यात आणून ठेवली. "उपास आहे ना तुमचा?" मी कपाळावर हात मारला. एकादशी अन् दुप्पट खाशी हा आमच्या घराण्याचा जुना रोग, आणि त्यापायीच माझी साखर काठावर आली होती. डॉक्टरांना विचारून मी ठरवलं होतं की खायचं ते दुपारी एक ते रात्री नऊ एवढ्यातच. बाकीचे सोळा तास पाणी, फार तर कोरा चहा. मोबाईलवर एकचा गजरही लावून टाकला.

वाटलं होतं, आठवड्याभरात पट्टा दोन भोकं आत जाईल. कसलं काय! आठवडाभर डोकं ठणकलं आणि महाडातल्या माझ्या स्पेअरपार्टच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकावर मी खेकसत राहिलो. त्यात दुकानासमोर बेकरी. अकराला खारी भट्टीतून निघाली की मला काही सुचायचं नाही. बेकरीवाला माझा लहानपणापासूनचा दोस्त. मिसरूड फुटायच्या आधीपासून रमजानचे तीसही रोजे धरणारा. त्याला माझी फार मजा वाटायची.

"आमचा रोजा सूर्य सोडवतो, तुझा मोबाईल," तो म्हणाला. "पण एक सांगू? भूक लागली, भूक लागली म्हणून गावभर सांगत सुटू नकोस. बोलून दाखवणाऱ्याचा रोजा घरच्यांनाही लागतो."

मी ते हसण्यावारी नेलं.

हळूहळू अंगवळणी पडलं. महिन्याभरात तीन किलो उतरले. पट्टा एकच भोक आत गेला, पण मी ते भोक भेटेल त्याला दाखवत होतो.

रविवारी मी ताईकडे जातो. ती उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत एकटी राहते. भावोजी गेले, मुलगा मुंबईला. मी दहाच्या सुमारास पोचायचो, साडेदहाला तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी समोर यायची, मी हाणायचो. आता मी सांगून टाकलं, "ताई, एकच्या आधी घास नाही. डॉक्टरांची परवानगी आहे."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

चार रविवार मी तिच्या पडवीत बसून घड्याळ बघत माझ्या भुकेचं कौतुक सांगितलं. ती ऐकायची. कधी म्हणायची, "हाडं दिसाया लागली रे तुझी." मला वाटायचं, बहिणीची माया.

पाचव्या रविवारी पावणेबाराला ती पाण्याची कळशी घेऊन आली आणि दारातच खांबाला धरून खाली बसली. कपाळावर घाम, हात लटलट कापत होते. मी आत धावलो. साखर पाण्यात ढवळली, तिच्या तोंडाला लावली. थोड्या वेळाने तिची नजर ठिकाणावर आली.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"खाल्लं नाय. गोळी घेतली आठाला."

साखर कमी करायची गोळी! दर महिन्याला महाडहून तिला मीच आणून देतो. 'गोळी घेतली की लगेच खायचं,' हेही मीच बजावलेलं. मी भडकलोच. "अक्कल आहे का तुला? मरायचंय?"

तिने शांतपणे तोंड पुसलं. "भाऊ दारात उपाशी बसलाय आन् मी जेऊ? जमायचं नाय."

आमच्याकडची रीतच ती. भाऊ यायचा असला की तो जेवल्याशिवाय बहीण ताटाला हात लावत नाही. आईही मामासाठी अशीच थांबायची, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार रविवार ती गोळी घेऊन रिकाम्या पोटी माझ्या गप्पा ऐकत होती. मला रडूच फुटलं. पन्नाशीतला बाप्या मी, तिच्या ओट्यावर बसून रडलो.

"ताट वाढ," मी म्हणालो. मग म्हटलं, "नको, तू बस. मीच वाढतो."

दोन ताटं घेतली. तरी ती माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी पहिला घास घेतला तेव्हा कुठे तिने भाकरी मोडली. मोबाईलमध्ये सव्वाबारा वाजले होते. पिठी कधी एवढी गोड लागली नव्हती.

जेवून ती आत आडवी झाली. "पुढच्या रविवारी मी आठालाच येतो, गोळीच्या वक्ताला. आपण बरोबर जेवायचं," मी सांगितलं. पण तिचा डोळा लागला होता. मी भांडी घासायला घेतली.

एक वाजला. गजर वाजला. राखेच्या हातांनी मी तो बंद करायला धडपडलो, तेवढ्यात आतून, झोपेतच, ताईचा आवाज आला.

"वाजला रे बाबा एकदाचा. चल, जेवून घेऊ."