पोरीच्या नावाची गाडी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत रुआबांध्याच्या मैदानात संध्याकाळी जेवढे ट्रक येऊन थांबत, त्या सगळ्यांच्या कपाळावर पोरांची नावं असायची. काचेच्या वर लाकडी फळी आणि फळीवर लाल-पिवळी अक्षरं: राजकुमार, अशोक, सुरेश अँड ब्रदर्स. त्या ब्रदर्सपैकी एखादा अजून पाळण्यात असायचा, एखादा जन्मायचाही असायचा, पण फळीवर त्याची जागा राखलेली. बहिणींची कुणाला आठवणही होत नसे. ठकूबाईला हे सगळं दिसत होतं. तरी तिनं जे केलं ते केलं, आणि त्याबद्दल जन्मात कुणाची माफी मागितली नाही.

ठकूबाई भंडाऱ्याकडची. नवरा देवीदास शेत सोडून ठेकेदाराच्या गाडीवर ड्रायव्हर झाला आणि कारखान्याच्या कामाची बातमी आली तसा बायको-लेकीला घेऊन भिलाईला आला. माणूस गुणाचा, पण पाण्यासारखा. ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेणारा. आणि भांडं बहुतेक वेळा त्याचा थोरला भाऊ दौलतराव असायचा. दौलतराव गावी राहून स्वतःचं शेत बघे आणि तिथूनच धाकट्याचा संसारही हाके.

देवीदास-ठकूबाईला एकच लेक, कलावती. तिच्या वेळी ठकूबाई मरणाच्या दारातून परत आली होती. आता पुढे मूल नाही, असं डॉक्टरीणबाईनं स्पष्ट सांगितलं. दौलतरावाला हे कळलं तेव्हा तो फार हळहळला नाही. "आमचा कवडू हाय ना," एवढंच म्हणाला. कवडू त्याचा दुसरा मुलगा. त्याला देवीदासच्या मांडीवर दत्तक बसवायचा हे दौलतरावानं त्या दिवशीच मनात पक्कं केलं. कलावतीचं काय, तर पोरगीच ती, खाईल-पिईल आणि लग्न होऊन जाईल.

अशात ठकूबाईनं अंगावरचं सोनं मोडलं. गळ्यात काळी पोत तेवढी राहिली. त्या पैशावर देवीदास जमशेदपूरला गेला आणि स्वतःच्या मालकीचा ट्रक हाकत परत आला. टाटा-मर्सिडीज, अहिवाऱ्याच्या खाणीतून कारखान्यासाठी दगड आणायला. ट्रकच्या नाकावर वर्तुळात बसवलेली तीन टोकांची चांदणी.

त्या चांदणीचा रुबाब आज सांगून कळायचा नाही. रशियन साहेबांच्या मोटारी भिलाईला रोजच्या झाल्या होत्या, त्यांच्यासाठी कोणी मान वळवत नसे. पण एकदा कुठल्याशा संस्थानचे राजेसाहेब काळीभोर मर्सिडीज घेऊन कारखाना बघायला आले, तेव्हा माणसं घमेली टाकून रस्त्याच्या कडेला धावली. मोटार आली कधी आणि गेली कधी, आवाजच नाही. आत गादी कसली होती, आरसा किती मोठा होता, यावर महिनाभर वाद झाले. आणि तिच्या नाकावर हीच चांदणी! तेव्हापासून ट्रकवाले राजाच्या मोटारीला आपली सोयरीच समजू लागले. "ती राजवाड्यात पडली अन् आमची दगडात, पण माय एकच," असं देवीदास ऐटीत सांगायचा.

जमशेदपूरला एका मिस्त्रीनं त्याला या गाडीची कुळकथा ऐकवली होती. तो मिस्त्री जर्मन लोकांच्या हाताखाली काम केलेला. घरी आल्यावर जेवता जेवता देवीदासनं ती ठकूबाईला सांगितली, केवळ गंमत म्हणून.

"मर्सिडीज म्हणजे का, ठाऊक हाय तुले? पोट्टीचं नाव होय."

ठकूबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. "कोणाची पोट्टी?"

"एका धनवानाची. डेमलर नावाच्या कारखानदाराच्या गाड्या विकायचा तो. शर्यतीत पळवायचा. त्यानं कारखानदाराले म्हटलं, गाड्या ढिगानं घेतो, पण त्यावर नाव माह्या लेकीचं पायजे. दहा-अकरा वर्साची होती. ती गाडी शर्यतीत अशी पळाली का साऱ्या जगात तेच नाव झालं."

"पोट्टीनं का केलं होतं?"

"काही नाही. बापाची लाडकी होती."

"मंग तेवढंच पुरे," ठकूबाई म्हणाली.

देवीदासला रंग चढला. त्यानं बेंझची गोष्ट सांगितली. बेंझनं मोटार बनवली, पण लोक हसायचे, कोणी घ्यायला तयार नाही. तेव्हा त्याच्या बायकोनं नवऱ्याला न सांगता भल्या सकाळी दोन्ही पोरं गाडीत घातली आणि गाडी हाकत थेट माहेरी गेली. वाटेत तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर टोपीची पिन काढून साफ केली. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो, आणि केला बाईनं.

"माहेरी गेली?" ठकूबाईला हसू आवरेना. "वारे बेंझीणबाई!"

"पुढं डेमलरचा अन् बेंझचा कारखाना एक झाला. म्हणून मर्सिडीज-बेंझ."

ठकूबाई विचारात पडली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. "म्हणजे सोयरीकच झाली म्हणा. अन् सोयरीक होऊनही पोट्टीचं नाव पुढं, बेंझ मागं! आपल्याकडं तर मांडवातच तांदळात नाव लिवून पोट्टीचं जुनं नाव मोडून टाकतात."

देवीदास हात धुवायला उठला आणि गोष्ट विसरून गेला. ठकूबाई विसरली नाही.

चार दिवसांनी गावाहून दौलतरावाचा निरोप आला: गाडीच्या पूजेला येतो, फळीवर 'कवडू' लिहून ठेवा. देवीदासनं मान हलवली आणि बाबुलाल पेंटरला सांगून कामावर निघून गेला. निरोप साधाच होता, पण त्याचा अर्थ ठकूबाईला पुरता कळला. आज फळीवर कवडू चढला की उद्या मांडीवर बसणार, आणि मग तिच्या लेकीला तिच्याच घरात पाहुणी म्हणून राहावं लागणार. सोनं मोडलं ते काय यासाठी?

दुपारी बाबुलाल ब्रश-डबे घेऊन आला. "भौजी, लइका के नाव का हे?"

"लइका नाही. नोनीचं लिव," ठकूबाई म्हणाली. छत्तीसगढीत मुलीला नोनी म्हणतात, तेवढी भाषा तिला येत होती. "कलावती. चांगलं ठसठशीत लिव. अन् रंग पक्का लाव."

बाबुलाल बिचकला. आजवर त्यानं देवाची नावं लिहिली होती, पोरांची लिहिली होती, एका हौशी ठेकेदाराच्या कुत्र्याचंही लिहिलं होतं. पण मुलीचं नाव कधी लिहिलं नव्हतं. ठकूबाई समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली तसा मुकाट्यानं लिहायला लागला.

पूजेच्या दिवशी दौलतराव कवडूला नवे कपडे घालून घेऊन आला. मैदानातले ड्रायव्हर, क्लीनर, शेजारची मैनाबाई, सगळे जमलेले. दौलतरावानं मान वर करून फळी वाचली, आणि पुन्हा वाचली.

"देवीदास, हे का होय? पोट्टी म्हणजे परक्याचं धन. उद्या ती लग्न होऊन गेली तर गाडी का आंदणात देशीन? पूस ते!"

देवीदास खाली वाकून नारळाची शेंडी सोलायला लागला. ठकूबाईची पंचाईत अशी की घराण्यात भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायची रीत नव्हती. लग्न झाल्यापासून ती त्याच्यासमोर कधी ओठ हलवून बोलली नव्हती. रीत मोडायची नाही आणि गप्पही बसायचं नाही, म्हणून तिनं पदर पुढे ओढला, कुंकवाचा करंडा घेतला, ट्रकपुढे जाऊन चांदणीला बोट लावलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ट्रकशीच बोलायला लागली.

"बाई मर्सिडीज, तूच सांग. तुह्या बापानं तुहं नाव गाडीवर चढवलं, तवा तुह्या मोठ्या बापानं पूस म्हटलं होतं का वं? तुहं लग्न झालं, बेंझाच्या घरी गेली, तरी तुहं नाव कोणी पुसलं नाही. राजे-महाराजे तुह्या नावाच्या गाडीत बसून मिशीले पीळ देतात, त्याइची इज्जत गेली का? अन् तू आता रोज अहिवाऱ्याकडून दगड आणशीन तो कोणत्या खाणीतला? नंदिनी! नंदिनी का पोट्ट्याचं नाव होय? सारा कारखाना लेकीबाईच्या नावाच्या दगडावर उभा होऊन राहिला, अन् आमच्या लेकीच्या नावानं एक फळी बुडते?"

आधी मैनाबाईला हसू फुटलं, मग ड्रायव्हरांना. दौलतरावाचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याला उत्तरही देता येईना, कारण त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. नारळाचा तुकडाही न घेता तो कवडूचा हात धरून चालता झाला.

गोष्ट इथं संपती तर बरं झालं असतं. पण पाऊस सरता सरता अहिवाऱ्याच्या रस्त्यावर पुलाची कड खचली आणि ट्रक नाल्यात उलटला. जीव कुणाचा गेला नाही, पण देवीदासचा हात मोडला. आता लोकांना बोलायला तोंड मिळालं. पोरीचं नाव लावलं, भोगा. मैनाबाईसुद्धा दबकत म्हणाली, "बाई, नाम मिटा दो, क्या जाता है?" ओढून आणलेला ट्रक चेपलेल्या नाकानं दारात उभा, आणि तिसऱ्या दिवशी दौलतराव हजर. हातात काळ्या रंगाचा डबा.

देवीदास खाटेवरून पुटपुटला, "पुसून टाक वो. लोकाईचं तोंड कोण धरन."

दौलतरावानं डबा उघडला. ठकूबाई फळीखाली जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर तसाच होता, पण या वेळी ती ट्रककडे वळली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"भाऊजी, मागल्या महिन्यात राजकुमार उलटली. त्याच्या आधी सुरेश अँड ब्रदर्स झाडावर गेली. त्या फळ्याइले काळं फासाले गेलते का तुमी?"

दौलतराव फळीच्या दिशेनं एक पाऊल पुढे सरकला.

"पोराच्या नावाची गाडी उलटली का डायवरची चूक, अन् पोरीच्या नावाची उलटली का पोरीची? माह्या कलीनं का केलं? पुलाची कड तिनं पोखरली? फासाचं असन तर पहिले मले फासा. नाव मी लिवलं."

भीती तिला तेव्हा आठवलीच नाही. दाराआड कलावती फ्रॉकचं टोक चावत सगळं ऐकत होती. दौलतरावाचा हात अर्धवट वर गेला, तसाच खाली आला. त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि तो निघून गेला. जाताना डबा तिथंच राहिला. ठकूबाईनं तो वाया घालवला नाही. ट्रकच्या चाकांच्या वाट्या त्याच काळ्या रंगानं रंगवून घेतल्या.

देवीदासचा हात बरा होईपर्यंत तेजराम नावाचा ड्रायव्हर ठेवला. दगड भरताना लबाडी होऊ नये म्हणून ठकूबाई स्वतः कॅबिनमध्ये बसून अहिवाऱ्याला जाई. नऊवारीचा काचा मारलेला, मांडीवर भाकरीचं गाठोडं. रस्त्यावरची माणसं बोटं दाखवायची, एखादा शिट्टी मारायचा. ती तेजरामला सांगे, "भोंगा वाजव." एकदा चढावर गाडी बंद पडली, तेव्हा तिनं अंबाड्यातला आकडा काढून तेजरामपुढे धरला. नळीत कचरा नव्हता, दुसरंच काही बिघडलं होतं. पण बेंझीणबाईचा मान राखायलाच हवा होता.

वर्षं गेली. भट्ट्या वाढल्या, कारखाना वाढला, दत्तकाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. कवडूला कारखान्यात नोकरी लागली आणि तो काकूकडेच जेवायला राहिला. त्या पोरावर ठकूबाईचा राग कधीच नव्हता.

एकोणसत्तर साली जमशेदपूरहून नवे ट्रक आले ते चांदणीशिवाय. जर्मनांशी असलेला करार सरला होता. नाकावर आता टाटांची खूण. देवीदासनं उगाच चिडवलं, "गेली तुही मर्सिडीज. शेवटी पोट्टी परक्याचीच."

"चांदणी गेली असन," ठकूबाई म्हणाली. "माही फळी कुठं गेली?"

त्याच साली कलावतीचं लग्न ठरलं. मांडव रुआबांध्यातच पडला आणि मांडवाच्या तोंडाशी हार घातलेला जुना ट्रक. दौलतरावही आला, पहिल्या रांगेत बसला. अक्षता पडल्या. मग वराची आई सिंधुताई हिनं ताटभर तांदूळ पुढे ओढले, मुलाच्या हातात अंगठी दिली आणि म्हणाली, "लिही बाबा. शैला. आमच्या घरात कलावती नाव कोणाले आवडत नाही."

नवरीच्या आईनं विहिणीला उलटून बोलायचं नसतं, लग्न मोडतात तेवढ्यावरून. ती उठली, पदर सावरला आणि सवयीनं मांडवाच्या तोंडाशी, ट्रककडे वळली. "ऐकलं का बाई मर्सिडीज..."

"आई," मागून कलावती म्हणाली, "गाडीले कावून सांगून राहिली? मी आहो ना."

तिनं नवऱ्याच्या बोटांतून अंगठी हळूच काढून घेतली. सासूकडे बघून, हसून म्हणाली, "सासूबाई, तांदळातलं नाव उद्या शिजन अन् सारे जेवतीन. ते जे गाडीवर हाय ना, त्याले पुसाले आलेले मोठे बाबा तिकडं बसले हायेत. इचारा त्याइले, पुसल्या जाते का?"

मांडवातल्या सगळ्या माना दौलतरावाकडे वळल्या. म्हातारा काठी टेकत उठून उभा राहिला.

"नाही पुसल्या जात," तो म्हणाला. "मी पाह्यलं करून."

आणि कलावतीनं तांदळात अंगठी टेकवून आपलं नाव लिहिलं, फळीवर होतं तसंच ठसठशीत.